निगा आणि नजर

पंचवटीत पेठ नाक्यापासून प्रादेशिक परिवहन कार्यालयापर्यंत, किंवा दिंडोरी रस्त्याने थेट म्हसरुळपर्यंत, सकाळच्या प्रहरी जो कोणी पायी जाईल त्याला या वस्तीचा सारा व्यवहार आज दुचाकीवर चालला आहे हे निराळे सांगावे लागणार नाही. बाजार समितीत भाजीच्या जुड्या पोहोचविणारे शेतकरी, मखमलाबादच्या द्राक्षबागांकडे निघालेले मजूर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची पहिली पाळी गाठणारे कामगार, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरी शाळांकडे जाणारे गुरुजी आणि बाई, या सर्वांचे पोट ज्या यंत्रावर अवलंबून आहे त्याची देखभाल रस्त्याच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तेलाने काळ्या पडलेल्या फरशीवर उकिडवे बसून काम करणाऱ्या मिस्त्रीच्या हाती असते. त्या मिस्त्रीला किती द्यावे, मुळात द्यावेच का, की चार पाने विकत आणून ते काम आपणच अंगणात बसून उरकावे, हा प्रश्न घरोघरी निघतो आणि बहुधा पैशाच्या हिशोबावर दोन वाक्यांत निकालात निघतो. मला तो इतका लहान वाटत नाही. ज्या वस्तूवर आपण आपला आणि पाठीमागे बसणाऱ्या माणसाचा जीव रोज सोपवितो, तिच्यासाठी जामीन कोण, हे या प्रश्नात दडलेले आहे.

माझी हयात न्यायालयाच्या दप्तरात गेली, त्यामुळे दोन्ही पक्षांचे म्हणणे पुरते ऐकल्याखेरीज मत बनवू नये, ही सवय अंगी मुरलेली आहे. आणि या प्रकरणातले दोन्ही पक्ष सुदैवाने माझ्या शेजारच्या एकाच घरात राहतात. मामा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले. १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिलेला तो कारखाना नाशिककरांना नवा नाही. मामांची सारी नोकरी तेथील तपासणी खात्यात झाली. त्यांची भाची पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, आणि शंभर सीसीच्या मोटारसायकलवरून सावळ घाट चढून-उतरून जाते-येते. विमानांचे सांधे तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले तो मनुष्य आपल्या गाडीला परक्याचा हात लागू देणार नाही, आणि शाळेतल्या बाई मात्र गाडी निमूटपणे गॅरेजात लावतील, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. मामा आपल्या गाडीचा साधा प्लगसुद्धा स्वतः काढीत नाहीत, आणि भाची ऑइल बदलण्यापासून चेन ओढण्यापर्यंत सर्व कामे स्वतःच्या हाताने करते.

एका रविवारी ओसरीवर विषय निघाला तेव्हा भाचीने आपली बाजू अशी मांडली.

"मामा, श्रावणातल्या संध्याकाळी सावळ घाटात गाडी बंद पडली, तर तिथे कोणता मिस्त्री येणार आहे ते आधी सांगा. मोबाइलला रेंज नसते, धुके इतके की दहा पावलांवरचा कठडा दिसत नाही, आणि प्लगच्या टोपणात पाणी शिरलेले. अशा वेळी ज्याला टोपण उपसून पुसता येते, प्लग काढून कोरडा करता येतो, तो माणूस दिवेलागणीला घरी पोहोचतो. ज्याला येत नाही तो मागून येणाऱ्या जीपची वाट पाहत भिजत उभा राहतो. मी पाना हाती घेतला तो हौसेने घेतलेला नाही. पण घेतल्यावर एक गोष्ट उमगली. मिस्त्रीला माझी गाडी तीन-चार महिन्यांतून एकदा दिसते, मला ती रोज भेटते. चेन सैल पडली की चढावर गिअर बदलताना हिसका बसतो, क्लचची केबल कोरडी झाली की डाव्या हाताच्या बोटांना आधी कळते, टॅपेट वाजू लागले की सकाळी थंड इंजिनात निराळी टिकटिक उमटते. हे सगळे ज्याला रोज कळते त्यानेच ते दुरुस्त का करू नये?"

मामांनी हे शांतपणे ऐकून घेतले, आणि मग जे सांगितले ते मी पूर्वी कधी अशा रीतीने ऐकलेले नव्हते.

"तुझ्या घाटाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि रस्त्यात अडल्यावर जे करावे लागते त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मी बोलतो आहे ते घरी बसून केलेल्या देखभालीबद्दल. आमच्याकडे असा दंडक होता की विमानाच्या नियंत्रणाची जोडणी ज्याने केली, त्याच्या एकट्याच्या सहीवर ते काम पुरे झाले असे समजायचे नाही. ज्याचा त्या कामाला हात लागलेला नाही अशा दुसऱ्या माणसाने ते स्वतंत्रपणे पाहायचे आणि सही करायची. काम करणारा लबाड असतो किंवा अडाणी असतो, म्हणून हा दंडक नव्हता. उत्तमातल्या उत्तम कारागिरालाही तो लागू होता. अगं, जो हात काम करतो त्या हाताच्या डोळ्यांना ते काम झालेलेच दिसते. नट आवळायचा विचार मनात आला आणि तेवढ्यात कोणी हाक मारली, तर नट तसाच राहतो, पण मनाच्या दप्तरात तो आवळल्याची नोंद होऊन जाते. तू रविवारी अंगणात बसतेस. मध्येच दूधवाला येतो, फोन वाजतो, शेजारची मुले शिकवणीला येतात. सोमवारी सकाळी तू त्याच गाडीवर घाट उतरतेस. तुझ्या कामावर दुसरी सही कोणाची आहे?"

हा युक्तिवाद मला तेव्हा बिनतोड वाटला. परंतु भाचीजवळ त्याचे उत्तर तयार होते.

"आणि गॅरेजात दुसरी सही कोणाची असते, मामा? एका ठिकाणी मी ऑइल बदलायला गाडी दिली होती. मिस्त्री दुसऱ्या गाडीचे इंजिन उघडून बसला होता, म्हणून त्याने हाताखालच्या पोराला सांगितले. खालचा ड्रेन बोल्ट पोलादी, आणि तो ज्यात बसतो ते इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे. पोराने लांब दांड्याचा पाना लावून अंगातला सगळा जोर त्यावर काढला आणि आतले आटे गेले. मी त्याला बोल लावीत नाही. किती आवळायचे हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. पण ते मला कळले केव्हा, तर शाळेच्या आवारात गाडीखाली तेलाचे थारोळे साचले तेव्हा. तुमच्या कारखान्यात दोन सह्या होत्या, इथे एकही नव्हती. शिवाय आणखी एक. मी गाडी घेऊन गॅरेजात उभी राहते आणि मिस्त्री माझ्यासोबत आलेल्या भावाला विचारतो, 'काय त्रास देते गाडी?' गाडी चालविते मी, त्रास मला ठाऊक, आणि जबाब घ्यायचा भावाचा! आता माझ्याजवळ एक वही आहे. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, काय केले, ते सगळे तिच्यात लिहिलेले असते. तुमच्या मिस्त्रीजवळ अशी वही आहे का?"

"नाही," मामा म्हणाले. "असायला हवी."

येथे क्षणभर थांबून थोडा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय हा वाद अधांतरी राहील. मामांच्या तारुण्यात रस्त्यावर राजदूत आणि येझदी होत्या. पेट्रोलात ऑइल मिसळून भरावे लागणारी ती टू-स्ट्रोक इंजिने मालकाला अज्ञानी राहूच देत नसत: सायलेन्सरमध्ये कार्बन साचे, कॉन्टॅक्ट पॉइंट काळे पडत, आणि ते पॉलिश पेपरने घासण्याइतके ज्ञान ज्याच्यापाशी नसे त्याला बसची वाट धरावी लागे. मामांनीही त्या काळी आपली येझदी स्वतः उघडली आणि जोडली आहे. पुढे १९८५ च्या सुमारास हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि तिच्या जाहिरातीचा मथितार्थ असा होता की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. गाडी खरोखरच उत्तम होती. कमी पेट्रोलात ती जितके अंतर तोडी त्याने मध्यमवर्गाचा संसार सावरला, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु त्या विसरण्याची किंमत आपण आजवर मोजीत आहोत असे माझे स्पष्ट मत आहे. मालक यंत्राला विसरला, त्यासरशी यंत्राची निगा राखणारा माणूसही त्याच्या दृष्टीआड झाला, आणि मिस्त्रीशी त्याचा संबंध गाडी अडल्यावरच्या घासाघिशीपुरता उरला. याच महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभ पाहिला तर चित्र निराळे दिसते: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि ज्या घराण्याच्या नावावर पुढे लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी नोंदली गेली, त्याच्या मुळाशी सायकल विकणारा, दुरुस्त करणारा आणि ती चालवायला शिकविणारा एकच माणूस होता.

मामांनी पुन्हा सूत्र हाती घेतले ते मिस्त्रीच्या बाजूने.

"तू पोराचे सांगितलेस, आता उस्तादाचे ऐक. मी ज्याच्याकडे गाडी देतो तो स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवितो आणि मूठ कानाला लावतो. वरचा आवाज टॅपेटचा, बाजूचा आवाज टायमिंग चेनचा, खालचा बेअरिंगचा. कोणत्या आवाजाची आज काळजी करायची आणि कोणता आणखी पाच हजार किलोमीटर चालेल, हे तो झाकण न उघडता सांगतो. हे ज्ञान एका गाडीची निगा राखून येत नाही, शेकडो गाड्या उघडून येते. तू तुझ्या गाडीला ओळखतेस हे कबूल, पण तू तेवढ्या एकाच गाडीला ओळखतेस. तिचे दुखणे नवे असेल तर तुझ्या वहीत त्याची नोंद सापडणार नाही. आणि या माणसाला आपण देतो काय? सुट्या भागांच्या छापील किमतीवर कोणी तोंड उघडीत नाही, मजुरीच्या आकड्यावर मात्र सगळे तुटून पडतात. सगळ्या सुशिक्षितांनी पाने हाती घेतले तर तो आवाज ओळखणारा कान पुढच्या पिढीत तयार होईल कसा?"

"पैसे द्यायला मी नाही म्हणत नाही," भाची म्हणाली. "ज्या कामाला मिस्त्रीचे ज्ञान लागते त्याचे पैसे द्यावेत. पण ऑइल बदलायला त्याचे ज्ञान लागत नाही. इंजिन दोन-चार मिनिटे गरम करायचे, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची, जुने ऑइल पुरते गळू द्यायचे, बोल्टचा वॉशर पाहून मगच तो बसवायचा, नवे ऑइल भरायचे, आणि मापाची काडी आट्यांत न फिरविता नुसती टेकवून पातळी बघायची. एवढ्यासाठी उस्तादाचा अर्धा तास खर्ची घालणे हाही त्याचा अपमानच आहे."

"आणि ते गळलेले जुने ऑइल?" मामांनी विचारले.

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. घरी ऑइल बदलणाऱ्यांपैकी कित्येक जण ते काळे तेल गटारात ओततात, आणि पंचवटीत गटार म्हणजे पुढे वाघाडी, आणि वाघाडी म्हणजे गोदावरी. ज्या प्रवाहात देशभरचे भाविक सिंहस्थात स्नानाला उतरतात, त्याच्या उशाशी बसून आपण हे करतो. वापरलेले इंजिन ऑइल हे कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांत त्याची स्वतंत्र व्यवस्था सांगितलेली आहे. भाचीने उठून कोपऱ्यातला झाकणाचा डबा आणून दाखविला. जुने ऑइल ती त्यात साठविते आणि डबा भरला की गॅरेजात नेऊन देते, कारण तेथे ते गोळा करून नेणारे लोक येतात. म्हणजे जिने मिस्त्रीवाचून चालविण्याचा निर्धार केला होता तिलाही शेवटी त्याचेच दार ठोठवावे लागते, हे मामांनी हसत निदर्शनास आणले, आणि तिनेही ते नाकारले नाही.

दुपारनंतर तिने चेन ओढायला घेतली, आणि वादाचा निवाडा ज्या एका प्रसंगाने माझ्यापुरता झाला तो हाच. गाडी मधल्या स्टँडवर. तिने मागचे चाक हाताने फिरवून चेन एकाच ठिकाणी न पाहता तीन-चार ठिकाणी अंगठ्याने वर-खाली करून पाहिली, कारण झिजलेली चेन एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ असते. मग चाकाच्या आसाचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्या खुणांवर आणले, कारण त्यांत तफावत राहिली तर चाक तिरपे बसते, आणि नट पुन्हा आवळला. ब्रेकच्या पत्र्याला धरून ठेवणाऱ्या दांडीची स्प्लिट पिन जागेवर आहे ना, ते बोट लावून पाहिले. चेनलॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते तिकडे आहे, हेही पाहिले. काम इतके नेटके होते की मी असतो तर तेथेच समाधान मानले असते. मामा काही न बोलता खाली वाकले आणि त्यांनी चाकाला हाताने एक झोका दिला. चाक अर्धा फेराही न घेता थांबले.

"ब्रेकचा रॉड," ते एवढेच म्हणाले.

चेन ताठ करताना चाक मागे सरकते. चाकाबरोबर ब्रेकची खुंटी मागे जाते. पेडलपासून तिथपर्यंत येणारा रॉड तेवढाच राहतो आणि आपोआप ताणला जातो. पेडलवर पाय नसतानाही ब्रेक धरूनच राहतो, ड्रम तापतो, आणि लांबच्या उतारावर नेमका हवा असतो तेव्हा तो दगा देतो. हे भाचीला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. तिच्या वहीत मागच्या वेळी तशी नोंद होती. या वेळी मध्येच शिकवणीची मुलगी येऊन गेली होती. तिने न बोलता रॉडचा नट दोन फेरे मागे घेतला, पेडलची मोकळी चाल बोटाने मोजली, चाक पुन्हा फिरविले, आणि या वेळी ते कितीतरी वेळ फिरत राहिले.

मग ती म्हणाली, "मामा, हे तुम्ही पाहिलेत म्हणून सापडले. पण चेन मिस्त्रीने ओढली असती तर तुम्ही वाकून चाक फिरविले असते का?"

मामा बराच वेळ गप्प होते. प्रामाणिक मनुष्य असल्यामुळे त्यांनी सांगितले की फिरविले नसते. पैसे दिले की काम झाले असे धरून ते गाडीवर बसले असते. आयुष्यभर ज्या दुसऱ्या सहीचा आग्रह त्यांनी धरला, ती निवृत्तीनंतर त्यांनी मिस्त्रीच्या कामावर कधीच केलेली नव्हती. त्यासाठी चाक कसे पाहावे ते ठाऊक असावे लागते, आणि ठाऊक राहावे म्हणून ते काम अधूनमधून स्वतःच्या हाताने करावे लागते, हे त्यांनी त्या दिवशी मान्य केले. त्यांच्या येझदीचा पान्यांचा संच अजून माळ्यावर आहे, असेही त्यांनी सांगितले.

या दोघांच्या वादात एक तिसरी गोष्ट निघाली, तिच्याविषयी दोघांचेही एकमत होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे मानक लागू झाले, आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर जाऊन संगणकाच्या हुकमाने पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली. धूर कमी झाला ही गोष्ट निश्चित स्वागतार्ह. पण गाडीचे दुखणे आता तारेच्या टोकाला जोडलेल्या उपकरणावर वाचावे लागते, आणि त्या उपकरणाची किल्ली पुष्कळ वेळा कंपनीच्या अधिकृत केंद्रापाशीच असते. येथे भाचीचा पाना आणि उस्तादाचा कान दोन्ही सारखेच हतबल होतात. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनांचाही अंतर्भाव केला. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती खुली करावी हा त्यामागचा हेतू. हा हेतू तडीस जावा असे मला कळकळीने वाटते. आज पेठ नाक्यावरच्या मिस्त्रीला जे वाचायची मुभा नाही, ते उद्या मालकालाही वाचता येणार नाही, आणि मग स्वतः करावे की पैसे देऊन करून घ्यावे, हा निवडीचा अधिकारच आपल्या अखत्यारीत उरणार नाही.

आता माझे मत. चेन, ऑइल, प्लग, केबल, टायरमधली हवा, ही निगा ज्याची गाडी त्याने राखावी. ज्याला हात मळविण्याची सवड किंवा शक्ती नाही त्याने निदान ती कशी राखतात ते उभे राहून पाहावे. इंजिन उघडण्याचे, बेअरिंगचे आणि ब्रेकच्या आतले काम मिस्त्रीकडे द्यावे, आणि जुन्या ब्रेक शूजची धूळ घरी तोंडाने फुंकून उडवू नये, कारण तीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. इतके सांगून भागत नाही, कारण भाचीच्या घरात मामा आहेत, सर्वांच्या घरात नसतात. ज्याने घरी काम केले त्याने ते महिन्यातून एकदा मिस्त्रीच्या नजरेखालून घालावे, आणि ज्याने मिस्त्रीकडून करून घेतले त्याने गाडीवर बसण्यापूर्वी चाक आपल्या हाताने फिरवून पाहावे.

आणि या पाहणीचे पैसे द्यावेत. आपल्याकडे रीत अशी पडली आहे की मिस्त्रीने वाकून गाडी पाहिली, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि 'काही नाही, चालू द्या' असे सांगितले, तर आपण त्याला नुसता नमस्कार करून निघतो. पाना फिरला नाही म्हणून मजुरी नाही. वास्तविक त्याच्या जन्मभराच्या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग त्या 'चालू द्या'मध्ये असतो, आणि तो खोटे बोलून एखादा सुटा भाग बदलीत नाही ही त्याची इमानदारीही त्यातच असते. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे: पुढच्या वेळी मिस्त्रीने गाडी नुसती पाहून परत दिली, तर खिशात हात घाला, आणि तो नको म्हणाला तरी त्या पाहण्याचा मेहनताना त्याच्या हातावर ठेवून मगच किक मारा.